ओके न म्हणणारे मामा

मी कामाला लागल्यापासून दामोदरमामांनी कुणाला 'ओके' असं उत्तर कधी म्हणजे कधीच दिलं नाही. जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडी सळया बनवणाऱ्या मिलमध्ये फोरमन असलेल्या माणसानं या एका शब्दाशी कट्टी घ्यावी, हे नवलच. आमच्याकडं या शब्दाशिवाय पान हलत नाही. कामगार कुणी वाटूरचा, कुणी बदनापूरचा, कुणी थेट बिहारचा. भट्टीच्या आवाजात सगळ्यांना कळणारा शब्द तेवढा एकच. मामा मात्र कुणी तो उच्चारला की कपाळाला आठ्या घालायचे.

मामा माझे सख्खे नव्हेत, ते मिलभर सगळ्यांचेच मामा. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि डोकं त्या शर्टापेक्षा कडक. मी मशीनची मोटार चालू-बंद करायच्या पॅनलवर, बटणापाशी बसणारा, म्हणून मला ते नावानं न बोलावता 'पॅनलवाले' म्हणत. "काय पॅनलवाले, बटण दाबायचा पगार खाऊन राह्यले न तुम्ही?" असा आमचा दिवस सुरू व्हायचा.

त्यांचा एक नियम होता. मशीनमध्ये सळई अडकली की मोटार बंद करून माणसं आत शिरत. काम झाल्यावर आत गेलेल्या प्रत्येकानं स्वतः माझ्यासमोर येऊन उभं राहायचं आणि नाव सांगून 'बाहेर आलो' म्हणायचं. दुसऱ्याच्या वतीनं बोलायची परवानगी नाही, आणि सगळे आल्याशिवाय मोटार चालू करायची नाही. मामा स्वतःही हाताची घडी घालून म्हणायचे, "मी दामोदर. बाहेर आलो." नवी पोरं तोंड लपवून हसायची. खरं सांगायचं तर मीही हसायचो.

एकदा चहाच्या टपरीवर मी मोबाईलमध्ये वाचून त्यांना या शब्दाचं मूळ सांगितलं. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रवाल्यांनी जुन्या काळी 'ऑल करेक्ट', म्हणजे 'सगळं बरोबर', हे थट्टेनं मुद्दाम 'ओल कोरेक्ट' असं चुकीचं लिहिलं, आणि त्याची ही आद्याक्षरं. पुढं तो शब्द तारा पाठवणाऱ्यांनी उचलला. तारेवर 'ओके' म्हणजे निरोप मिळाला, एवढंच.

मामांनी कप खाली ठेवला. "थट्टेतून निघाला का? मंग बराबर हाय. अन् निरोप मिळाला म्हंजे काम झालं, असं थोडंच हाय! माझी बायको बी फोनवर ओके म्हणती. ऐकलं तरी ओके, न्हाई ऐकलं तरी ओके. असल्या शब्दावर मी मोटार चालू करू देत न्हाई."

मग तो दिवस आला. भर दुपारी लालभडक सळई मशीनमध्ये वाकडी होऊन अडकली. मी मोटार बंद केली. मामा आणि आणखी दोघं आत गेले. माझ्या खिडकीतून मशीनची ती बाजू दिसत नाही, मध्ये खांब येतो. थोड्या वेळानं ते दोघं येऊन नाव सांगून गेले. मामा आले नाहीत.

तेवढ्यात तिकडून आरोळी आली, "ओके!" ती दुसऱ्यानं उचलली, तिसऱ्यानं पुढं ढकलली. शिफ्टचे साहेब धावत आले. माणूस वाईट नव्हता, पण भट्टीत तापलेला माल खोळंबला होता.

"चालू कर जल्दी! भट्टीत माल जळून राह्यला."

"मामा आले का?" मी विचारलं.

"अरे, ओके म्हणले न सगळे!"

"मामा म्हणले का?"

"किती जणांचं ओके पाहिजे तुला?"

"एकाचं बी नको. मामा इथं येऊ द्या."

साहेबांचा चेहरा लाल झाला. माझी नोकरी जाते की काय, असं मला वाटलं. बाहेरून 'ओके, ओके'चा गलका वाढत होता आणि मलाच वाटायला लागलं की मामा केव्हाच निघून गेले असतील, मीच वेडा. बोट बटणाकडं जाऊ नये म्हणून मी दोन्ही हात पाठीमागं बांधले.

खांबाआडून मामा आले. शर्ट तेलानं बरबटलेला. सळईचा तुकडा मशीनच्या तळाशी पडला होता, तो काढायला ते पालथे झोपले होते. भट्टीच्या आवाजात त्यांना बाहेरचं काही ऐकू गेलं नव्हतं.

"मी दामोदर. बाहेर आलो."

साहेब मटकन खुर्चीत बसले.

त्या संध्याकाळी मामांनी चहा घेतला नाही. "किती जण ओके म्हणले?" त्यांनी विचारलं.

"सगळेच."

मामा म्हणाले, "आधीच्या मिलमंधी माझा दोस्त आत गेल्ता. दोन्ही हात गेले त्याचे." मग म्हणाले, "त्या दिवशी ओके म्या म्हणलं होतं. मला वाटलं, आला आसंल."

एवढ्या कडक माणसाचे डोळे भरलेले मी तेव्हाच पाहिले.

यंदा मामा निवृत्त झाले. हार, नारळ, शाल, साहेबांचं भाषण, सगळं झालं. मिल पुन्हा सुरू करायची वेळ झाली तेव्हा मामा फाटकाकडं निघाले होते. मध्येच वळले आणि हार गळ्यात तसाच ठेवून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. हाताची घडी घातली.

"मी दामोदर," ते म्हणाले. "बाहेर आलो."

पोरांपैकी कुणीही हसलं नाही. मी मान हलवली आणि बटण दाबलं.