पाठराख्याचे डोळे

जुन्नरच्या बाजारपेठेत शाहनवाजचे वडील अकबरभाई पाट्या रंगवायचे. ट्रकवर वाघ काढला, मोर काढला, तरी डोळ्यांत बुबुळ कधी भरलं नाही. "चित्र काढावं. जीव घालणं आपलं काम नाही," म्हणायचे. पुढे फ्लेक्स आले, पाट्या गेल्या, अकबरभाईही गेले. शाहनवाजनं ब्रश सोडला नाही आणि वडिलांचा नेमही मोडला नाही.

राजुरीचा सुदर्शन चाकणला इंजिनिअर. सुट्टीत गोष्टी लिहायचा. दोघांनी मिळून चार अंकांचं कॉमिक काढायला घेतलं, 'पाठराखा'. बिबट्या मागून झडप घालतो, म्हणून या वीराला डोक्याच्या मागंही एक चेहरा. डोळे अर्थातच कोरे. तिसऱ्या अंकासोबत पुठ्ठ्याचा मुखवटा फुकट दिला, आणि राजुरीच्या बायका खुरपायला जाताना तो खरंच मागं बांधू लागल्या.

चौथ्या अंकाचं मुखपृष्ठ तेवढं राहिलं होतं, तेव्हा सुदर्शनचा फोन आला. "राव, मला पुण्याच्या गेम कंपनीनं बोलावलंय, आणि तुला आमच्या साळुकाकीनं. बघ कुणाचं करिअर मोठं! काळा रंग घेऊन जा."

भर दुपारी शाहनवाज राजुरीला साळुबाईच्या बांधावर पोचला. पाखरू बोलत नव्हतं. कांद्याच्या रानात आठ बायका पाठमोऱ्या बसलेल्या. माणसाचं तोंड एकही दिसेना. पांढऱ्या डोळ्यांचे आठ मुखवटे त्याच्याकडे रोखलेले.

त्यातली एक उठून वळली. साळुबाई.

"पेंटरभाऊ, तुझा पाठराखा आंधळा हाय. काल बिबट्या उसातनं आला. बसला. मग सरकत सरकत लई जवळ आला. न बघणाऱ्याला कोण भ्यायचं?"

"काकी, आमच्या अब्बांचा नेम…"

"तुझ्या अब्बांच्या वाघाम्होरं कोण खुरपत व्हतं का?"

शाहनवाजनं आठही मुखवटे मागून घेतले. तो उसाकडे पाठ करून बांधावर बसला. पहिल्या बुबुळाआधी त्यानं ब्रश दोनदा पुसला. सोळावं भरताना एकदाही पुसला नाही. सगळी बुबुळं त्यानं नेमकी मधोमध भरली.

मुखवटे बांधून बायका भाकरीला विहिरीकडे निघाल्या. आठ चेहरे मागं वळून बघावं तसे बघत लांब जाऊ लागले. शाहनवाज हसला, आणि त्याचं हसू विरलं. ते त्याच्याकडे बघत नव्हते. आठही नजरा त्याच्या डाव्या खांद्यावरून मागं, उसात लागल्या होत्या.

वारा नव्हता. मागं एक पाचट मोडलं.

"काकी," तो हळूच म्हणाला.

साळुबाईनं वळून पाहिलं. "हलू नगं."

तिनं पुन्हा पाठ फिरवली आणि उलट्या पावलांनी त्याच्याकडे येऊ लागली. मग बाकीच्याही. आठ बायका पाठमोऱ्या चालत चालत त्याच्यापाशी आल्या आणि त्याच्याभोवती उभ्या राहिल्या. उसात काहीतरी जड उठलं. सळसळ लांब गेली.

सुदर्शन पुण्याला गेला. चौथ्या अंकाच्या मुखपृष्ठावर पाठराखा नाहीच. उलट्या चालणाऱ्या आठ बायका आहेत. शाहनवाज आजही जुन्नरच्या दुकानात रस्त्याकडे पाठ करून रंगवत बसतो. गिऱ्हाईक दारात आलं की आधी थबकतं. शाहनवाजच्या डोक्यामागं बांधलेला मुखवटा गिऱ्हाइकाकडे बघत असतो. कधी कधी गिऱ्हाइकाच्याही मागं.