छताला टांगलेला नऊ नंबर

आमच्या हॉब्सन लेकच्या ज्युनियर हॉकी संघाचा इतिहास कुणी विचारला, तर मी आधी त्याला कॉफी पाजतो आणि मग विचारतो, "कुठल्या संघाचा?" इथल्या बर्फावर पिढ्यान् पिढ्या खेळले ते ट्रॅपर्स. म्हातारा मालक गेल्यावर त्याच्या पोरांनी संघ विकला आणि नाव, रंग, करंडक असं सगळं बोचकं बांधून तो शेजारच्या केरिकला गेला. आमची रिंक, म्हणजे बर्फाचं बंदिस्त मैदान, ओस पडली. मग मॅलोरी गावाचा बुडीत निघालेला बॅजर्स संघ आमच्याकडे आला, तोही स्वतःचा इतिहास घेऊन. आता आमच्या छताला मॅलोरीने जिंकलेल्या करंडकांचे झेंडे आहेत आणि आम्ही जिंकलेल्यांचे केरिकला. आपला तो बाब्या म्हणावं, तर बाब्या कोणता तेच कळेना.

या घोळात सगळ्यात जास्त सापडली ती माझी शेजारीण, स्टेला ह्रिन्किव. खेळायला येणारी पोरं सोळा-सतरा वर्षांची असतात. आईबाप दूर, म्हणून हिवाळाभर ती गावातल्या घरांत राहतात. स्टेलाच्या तळघरात निम्म्या कॅनडाची पोरं घोरून गेली असतील. तिला खेळ कळतो असं मुळीच नाही. ऑफसाइड म्हणजे काय हे मी तिला दर हिवाळ्यात समजावतो आणि दर उन्हाळ्यात ती विसरते. पण पोरांना बटाटा भरलेल्या उकडलेल्या पिरोगी किती लागतात ते तिला कळतं, आणि सरावाच्या जर्सीचं कोपर आधी फाटतं हेही. सामना चालू असतानासुद्धा तिच्या मांडीवर कुणाची तरी बाही असते.

तिचा एकुलता एक मायरन ट्रॅपर्सचा नऊ नंबर होता. एका मार्चमध्ये तळ्यावरचा बर्फ फसवा निघाला आणि तो घरी आला नाही. संघाने नऊ नंबर कायमचा बंद केला, म्हणजे तो पुन्हा कुणालाच द्यायचा नाही, आणि नऊ नंबरची जर्सी छताच्या तुळईला टांगली. पुढे संघ गेला तेव्हा सगळं गेलं, तेवढी जर्सी राहिली. ती उतरवायची छाती कुणाला झाली नाही.

गेल्या शरदात बॅजर्सचा कोल्बी स्टेलाकडे राहायला आला. गुणी पोरगा, ताट स्वतः धुणारा. त्याचा नंबर नऊ. नऊ नंबर मॅलोरीत कधीच बंद झाला नव्हता. तो बर्फावर उतरला की वर एक नऊ आणि खाली एक नऊ. गावातले दोन-चार जण कुरकुरायला लागले. त्यातच केरिकहून निरोप आला, की मायरन ट्रॅपर्सचा होता, जर्सी आमच्याकडे पाठवा, मानाने टांगतो. बॅजर्सच्या व्यवस्थापकाने शहाणपणा केला आणि निर्णय स्टेलावर सोडला.

झालं. रिंकच्या कॅन्टीनमध्ये जो येईल तो तिला सल्ला द्यायचा.

"केरिकवाल्यांना धागासुद्धा देऊ नकोस," मी म्हणालो. मला त्यांचा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

"पण वॉल्टर, नाव तर त्यांच्याकडे आहे ना? तो ट्रॅपर्समध्येच होता."

"तो या गावात होता."

"मग हे आत्ता खेळतायत ते कोण?"

मी कॉफी ढवळत बसलो.

कोल्बी समोरच होता. तो म्हणाला, "आजी, मी नंबर बदलतो. सतरा रिकामा आहे."

"तुला कुणी विचारलं? खा गुपचूप." मग तीच माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "त्याने बदलावा का रे? मला काही सुचत नाही. जर्सी दिली तर मायरन पुन्हा एकदा गेला असं वाटतं, आणि ठेवली तर या पोराच्या डोक्यावर लटकतो."

शेवटी तिने ठरवलं ते एवढंच, की जायची असो वा राहायची, आधी जर्सी धुवायची. इतक्या वर्षांची धूळ. ऑर्व्हिलने शिडी लावून ती उतरवली. ऑर्व्हिल म्हणजे संघाचं सामान सांभाळणारा. ट्रॅपर्सचं सांभाळायचा, आता बॅजर्सचं सांभाळतो, बोलतो दोघांशीही कमीच.

दुसऱ्या दिवशी स्टेलाच्या स्वयंपाकघरात आम्ही सगळे जमलो. तिने धुतलेली जर्सी टेबलावर पसरली, उजवी बाही उलटी केली, पुन्हा सुलटी केली, पुन्हा उलटी केली.

"ही त्याची नाही," ती म्हणाली.

"अगं, नऊ आहे की," मी म्हणालो.

"नऊ असेल. त्याचं हे कोपर मी शिवलं होतं. पांढरा दोरा संपला होता म्हणून हिरव्याने. माझ्यावर चिडला होता तो. हिला कुणी अंगातच घातलेलं नाही."

आम्ही ऑर्व्हिलकडे बघितलं. तो टोपी काढून तिच्यातच बघत होता.

"टांगायला नीटनेटकी हवी म्हणून नवी शिवून घेतली होती," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला सांगितलं असेल कुणीतरी."

"आणि त्याची?"

"हंगाम संपला की जुन्या जर्सींचे आकडे उसवायचे आणि त्या सरावाला द्यायच्या, अशी पद्धत होती. ती पण गेली त्या गठ्ठ्यात. माझ्या लक्षात आलं तेव्हा सगळ्या सारख्याच दिसत होत्या."

"मग पोरांनी घातली?"

"फाटेपर्यंत."

माझं डोकंच फिरलं. केरिकशी आम्ही महिनाभर भांडलो ते कुणाच्याच नसलेल्या कपड्यासाठी. ऑर्व्हिलला चार शब्द सुनावायला मी तोंड उघडलं, पण स्टेलाने हात वर केला. ती खुर्चीवर बसली. रडेल असं वाटलं, पण ती नुसती गोंधळलेली दिसत होती, चूल विझवली की नाही ते आठवत नसल्यासारखी.

"ही केरिकला देऊन टाका," ती म्हणाली. "त्यांना टांगायला हवीय ना. टांगू दे."

"आणि माझा नंबर?" कोल्बीने विचारलं.

"तुझा तुझ्याकडे. नऊ काय माझ्या घरचा आहे?"

ऑर्व्हिल दाराशी गेला आणि तिथेच थांबला. "स्टेला, फाटलेल्या जर्सी मी तुमच्याकडेच पाठवायचो शिवायला. म्हणजे तीसुद्धा..."

"आली होती," स्टेला म्हणाली. "एका पोराच्या कोपराला हिरवी शिवण दिसली होती. मला वाटलं, माझ्यासारखाच कुठल्या तरी आईचा पांढरा दोरा संपला असेल."