दोन घरांच्या वतीने केलेला अर्ज

माझ्या मुलाच्या डोंगरातल्या घराशेजारचं अक्रोडाचं झाड माझ्यामुळे तोडलं गेलं, ही गोष्ट मी दोन वर्षं कोणालाही सांगितली नाही. पत्नीलाही नाही. कुऱ्हाड माझ्या हातात नव्हती. पण ज्या अर्जामुळे ती चालली, तो माझ्या हस्ताक्षरात होता.

मुलगा आणि सून उत्तराखंडात, कुमाऊंमधल्या एका उतारावर राहतात. पूर्वी दोघंही ठाण्यात, घोडबंदर रोडवरच्या एका कार्यालयात संगणकासमोर बसत. एके दिवशी नोकऱ्या सोडून ते वर गेले आणि दगडमातीचं घर बांधून राहिले. वीजजोडणी त्यांनी घेतली नाही, ती त्यांना नकोच होती. छतावर सोलरची दोन पॅनेलं, स्वयंपाकाला चूल, प्यायला झऱ्याचं पाणी. वस्तीत घरं दोनच. एक यांचं, दुसरं एका एकट्या वृद्ध बाईंचं. त्यांना सगळे आमा म्हणतात, म्हणजे आजी.

मी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात विद्युत विभाग सांभाळला. वीज जाऊ न देणं हेच माझं आयुष्यभराचं काम. त्यामुळे मुलाचं ते जगणं मला माझ्यावरच्या टीकेसारखं वाटे. त्यात घोडबंदरला विसाव्या मजल्यावर राहणारी माझी थोरली बहीण दर भेटीत विचारायची, "काय रे, तुझा लेक अजून कंदीलच पुसतो का?" मी हसून वेळ मारून नेत असे, आणि घरी आल्यावर विनाकारण पत्नीवर चिडत असे.

पहिल्या भेटीहून परतताना खालच्या बाजारगावात पत्नी लोकरीचे मोजे घेत होती. "चहाचं बघून येतो," असं तिला सांगून मी थेट वीज कार्यालयात गेलो. आमच्या सोसायटीचा मी कित्येक वर्षं सचिव होतो. सोसायटीत पत्र लिहिण्याची एक रीत असते. "समस्त रहिवाशांच्या वतीने" असं वर घालायचं आणि खाली आपल्याला हवं ते मागायचं. समस्तांना कोणी विचारत बसत नाही. पाण्याची टाकी असो वा लिफ्ट, काम झालं की कुरकुर आपोआप थांबते, हा माझा अनुभव. त्याच सरावाने मी वस्तीला वीज मिळावी म्हणून हिंदीत लिहिलं, "हम समस्त ग्रामवासी." ग्राम दोन घरांचं होतं, आणि मी त्यातल्या एकालाही विचारलं नव्हतं. संपर्कासाठी माझा मोबाइल क्रमांक दिला.

पुढे मुलं गणपतीला डोंबिवलीला आली होती, तेव्हा तो फोन आला. सून स्वयंपाकघरात माझ्या पत्नीकडून मोदकाची पारी शिकत होती. पलीकडचा माणूस म्हणाला, "साहब, खंभा आ गया है, पर बीच में अखरोट का पेड़ है." मी गॅलरीत गेलो, आणि कारखान्यात वायरमनशी बोलत असे त्याच सुरात म्हणालो, "जो बीच में आता है, निकाल दो." मग आत येऊन आरतीला उभा राहिलो.

ते झाड दोन घरांच्या बांधावर होतं. शरद ऋतूत अक्रोड पडले की आमांच्या बाजूचे आमांचे, यांच्या बाजूचे यांचे. आणि आमा आपल्या बाजूचे ओंजळभर मुद्दाम झाडूने इकडे लोटायच्या, असं सुनेने मला कौतुकाने सांगितलं होतं. मुलं परत गेली तेव्हा तिथे बुंधा होता आणि शेजारी खांब. कामगार म्हणाले, गावाचाच अर्ज होता. मुलाने लेखी विरोध करून पुढचं काम थांबवलं, तार आली नाही; पण त्याच दिवशी त्याचा मला फोन आला.

"बाबा, आमानेच केलंय हे. दोनच तर घरं आहेत. आम्ही नाही, म्हणजे ती."

मी म्हणालो, "असेल. म्हाताऱ्या माणसांना उजेड लागतो रे."

अर्ज ही आगाऊपणाची चूक होती. हे वाक्य मात्र मी शांतपणे, शब्द निवडून बोललो होतो.

या मार्चमध्ये आम्ही दोघं कल्याणहून गाडीत बसून पुन्हा तिकडे गेलो. पोहोचलो तेव्हा सून पाण्याचे दोन कॅन घेऊन खालच्या ओढ्यावरून चढत होती. पूर्वी झऱ्याचं पाणी आमांच्या शेतातून पाइपने यांच्या टाकीत येई. झाड यांनीच तोडवलं अशी आमांची समजूत. त्यांनी तो पाइप काढून टाकला होता. दोन्ही घरं एकमेकांना गुन्हेगार मानत होती.

मला हे पहिल्याच संध्याकाळी कळलं, आणि पुढचे तीन दिवस मी प्रत्येक गोष्टीवर वैतागत राहिलो. आंघोळीला अर्धी बादली. ढगाळ असेल तर फोन बंद. शौचकूपात पाण्याऐवजी राख टाकायची, तीही मोजून.

"अरे, माणूस चंद्रावर गेला आणि तुम्ही राख टाकताय."

"दोन मुठी, बाबा," मुलगा म्हणाला. "काल तुम्ही एकच टाकलेली."

"त्यांना आधी मीटिंगची नोटीस काढ," पत्नी म्हणाली. "त्याशिवाय ते काही टाकायचे नाहीत."

सगळे हसले. मी बाहेर जाऊन ओढ्यावरून येणाऱ्या सुनेच्या हातातला कॅन घेतला आणि चढावर अर्धा सांडला. तिने काही न म्हणता तो परत घेतला, आणि त्याचाही मला राग आला. तिने निदान एकदा तक्रार करावी, म्हणजे मला उलट बोलता येईल, असं वाटत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी जेवताना मुलगा म्हणाला, "पावसाळ्याआधी इथून निघायचं म्हणतोय आम्ही. पाण्याशिवाय नाही निभत."

"मी परत गेलेले आमाकडे," सून म्हणाली. "तिने दारच नाही उघडलं."

"मग राहणार कुठे?" पत्नीने विचारलं.

"आधी डोंबिवलीलाच येऊ. मग बघू."

ताटावरून उठून मी हात धुवायला गेलो. मला आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. मागच्या खोलीतलं कपाट कुठे सरकवायचं, इथवर माझा विचार पोहोचला होता. हातावर पाणी ओतता ओतता थांबलो. मला हवं ते मला मिळणार होतं, आणि त्यासाठी फक्त गप्प बसायचं होतं. त्यात मी निष्णात आहे. लोक मला मृदुभाषी म्हणतात. त्या मृदुपणात भित्रेपणा किती, हे मी कधी तपासलं नव्हतं.

मी मुलाला म्हणालो, "माझ्याबरोबर आमांकडे चल."

"कशाला बाबा? तोंड फिरवेल ती."

"फिरवू दे. तूही ये गं," मी सुनेला म्हणालो.

आमा अंगणात सुपात डाळ पाखडत बसल्या होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "अब क्या काटना है?"

मुलगा वळून निघाला. मी त्याचा दंड धरला. माझ्या मोडक्या हिंदीत म्हणालो, "आमा, वो अर्ज़ी मैंने लिखी थी. बच्चों को पता नहीं था. पेड़ काटने को भी फोन पर मैंने ही बोला."

सूप थांबलं. मुलाने दंड सोडवून घेतला.

"बाबा, काय बोलताय तुम्ही?"

"खरं बोलतोय. तू फोन केलास तेव्हाही मला ठाऊक होतं. मी यांचं नाव तुझ्या मनात पक्कं होऊ दिलं."

मला अडवणारं किंवा सावरून घेणारं तिथे कोणी नव्हतं. मी आमांपुढे हात जोडले आणि म्हणालो, "मुझे माफ़ कर दीजिए, आमा." मग मुलांकडे वळलो. आवाज माझ्या इच्छेपेक्षा मोठा निघाला. "मी तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, आणि नंतर सांगितलंही नाही. दोन्हींसाठी मला माफ करा."