झाकलेलं ताट

काकी कधी कुणाला नाव विचारायची नाही. लालबागच्या आमच्या चाळीत, माझ्या शेजारच्याच खोलीत, तिची खानावळ होती. गिरण्या होत्या तेव्हा तिथं गिरणीवाले पंगतीला बसायचे. गिरण्या गेल्या, मग सिक्युरिटीवाले आले, परीक्षांना बसणारी पोरं आली. दारात कुणीही उभं राहिलं की हिचा एकच प्रश्न, "जेवलंस?" एकदा मी चिडवलं, "काकी, उद्या चोर येऊन जेवून जाईल हं." तर म्हणाली, "चोराक काय भूक लागना नाय? उपाशी माणसाक नाव इचारूचा नाय, भात वाढूचो."

दुसरी खोड ताट झाकायची. जो जेवायला आला नाही त्याचं ताट वाढून वर परात पालथी घालायची आणि सकाळी ते शिळं स्वतः खायची. पोट बिघडेल म्हटलं, तर माझ्यावरच डाफरायची.

तिच्या पंगतीत एक अबोल पोरगा असायचा, दूरच्या जंगलपट्ट्यातला. तिकडे एका बाजूला बंदूकवाले, दुसऱ्या बाजूला पोलीस. थोरल्या भावाला चौकशीला नेलं तो परत आलाच नाही, एवढंच तो एकदा बोलला होता. मग तोही यायचा थांबला. काकी मात्र रोज त्याचं ताट झाकत राहिली.

पोलीस त्यालाच शोधत आले. साहेबानं परात उचलली. "हे ताट कुणाचं?"

"त्याचा. गेलो आसात खयतरी. भूक लागली की येतलो."

खरं तेच बोलली बिचारी. पण तो येणार हे हिला ठाऊक, म्हणजे संपर्क आहे, म्हणजे हिनं आसरा दिला, असा हिशेब झाला आणि दहशतवादविरोधी कायदा लावून तिला अटक केली. "साहेब, ती सगळ्यांचंच ताट झाकते हो!" मी ओरडलो. त्यांनी शांतपणे माझं नाव लिहून घेतलं. घरच्यांनी मला आत ओढलं.

या कायद्यात जामीन म्हणजे दगडाला पाझर फुटणं, असं वकील सांगायचे. तारखांवर तारखा पडत गेल्या. त्या पोराचं नाव काकीला सांगता येईना. सरकारी वकील म्हणाले, लपवते आहे. तुरुंगात मुलाखतीला गेलो की काचेपलीकडून ती विचारायची, "जेवलंस?" तो पोरगा खरंच कुणाचे निरोप पोचवत होता की नुसता भावाला शोधत होता, हे मला आजही माहीत नाही.

शेवटी आजारपणावर जामीन झाला. खटला उभाच आहे. हजेरीला मी तिला चौकीवर नेतो. खानावळ मोडली, ती आपल्यापुरतं रांधते.

परवा दुपारी मी तिच्याकडे बसलो होतो. एक घामाघूम पार्सलवाला दारात पाणी मागायला थांबला. काकीनं तांब्या दिला आणि सवयीनं विचारलं, "जेवलंस?"

"वरची पार्सलं देऊन येतो, आजी," तो हसून म्हणाला.

किती दिवसांनी तिनं दुसऱ्यासाठी ताट वाढलं! वर परात पालथी घातली. तेवढ्यात जिन्यात बूट वाजले. वरच्या मजल्यावरचाच कुणीतरी कामावरून येत होता, पण काकी लगबगीनं ताटाकडे वळली. तिनं परात उचलली, भात परत टोपात लोटला आणि ताट विसळून फळीवर ठेवलं. "अगं काकी, कुणी नाही," मी म्हणत राहिलो.

पार्सलवाला परत आला, चपला काढायला वाकला. काकी उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"नाव काय तुजा?"