समाधानाची सही

भिंगबाईंना हे नाव छापखान्यात पडलं. बावीस वर्षं त्यांनी तिथे मुद्रितं तपासली, आणि चुकलेली वेलांटी त्यांना भिंगाशिवायही दिसायची. छापखाना बंद पडला तेव्हा धाकट्या दिराने त्यांना आपल्या ऑफिसात बोलावून घेतलं. घरांचे नकाशे मंजुरीसाठी तयार करून द्यायचे, हा त्याचा धंदा. दोन खोल्या, तीन टेबलं, एक अबोल ड्राफ्ट्समन आणि कोपऱ्यात एक म्हातारं कॉपियर. त्याच्या पोटात गेलेला कागद हातपंख्यासारख्या घड्या पडून बाहेर यायचा.

बाईंचा स्वभाव मुळातच संशयी. दुकानदाराने आपणहून भाव कमी केला की त्या हातातली वस्तू परत ठेवून द्यायच्या. "हिला सूर्य उगवल्याचीसुद्धा पावती लागते," असं त्यांचा नवरा हयात असताना हसत म्हणायचा.

त्यामुळे टाय बांधलेला एक विक्रेता दारातच "काय ताई, बऱ्या आहात ना?" म्हणाला, तेव्हाच बाईंच्या कपाळावर आठी उमटली. या माणसाला त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

विक्रेत्याने टेबलावर चकचकीत चित्रं मांडली. नवंकोरं कॉपियर, विकत घ्यायची गरज नाही, पाच वर्षं भाड्याने. बिघडलं तर तासाभरात माणूस हजर. दीर खुर्चीत पुढे सरकून ऐकत होता.

"करार ठेवून जा," बाई म्हणाल्या. "दोन दिवसांनी सांगते."

"ताई, ही योजना आजच संपतेय. आणि यात वाचण्यासारखं काय असणार? छापील मजकूर, सगळ्यांना एकच."

"छापील मजकूर वाचूनच मी संसार केला," बाई म्हणाल्या आणि कागद ओढून घेतले.

अकरा पानं होती. पानागणिक अक्षर बारीक होत गेलं होतं, आणि तिथेच बाईंचा संशय बळावला. भाडं विक्रेत्याच्या कंपनीला नव्हे, तिसऱ्याच एका वित्त कंपनीला जाणार होतं. मशीन चालो की बंद पडो, भाडं थांबणार नव्हतं. मुदत संपायच्या चार ते तीन महिने आधी, नेमक्या त्या तीस दिवसांत, लेखी कळवलं नाही तर करार आपोआप आणखी एक वर्ष वाढणार होता. आणि ज्या मशीनला विक्रेता नवंकोरं म्हणत होता, त्याला करारात 'नवीन अथवा नव्याप्रमाणे' असं म्हटलं होतं.

"'नव्याप्रमाणे' म्हणजे काय हो?" संध्याकाळी विक्रेता परत आला तेव्हा त्यांनी विचारलं.

"वकिलांची भाषा आहे ताई. नवंच येणार, माझा शब्द आहे."

"मग तो शब्द इथे समासात लिहा आणि खाली सही करा."

विक्रेता नुसता हसला. पेनाला काही त्याने हात लावला नाही.

तो गेल्यावर दीर भडकला. "वहिनी, तुम्ही आल्यागेल्याला चोरच समजता! माणसं पुन्हा दारात उभी राहायची नाहीत आपल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई डोळे तपासायला गेल्या होत्या. परत आल्या तर टेबलावर रिकामे चहाचे कप, आणि करारावर दिराची सही. आपण बाहेर पडण्याची वाट बघून हे उरकलं, एवढंच त्यांच्या मनाला लागलं. जेवणाचा डबा त्यांनी तसाच घरी नेला.

आठवड्याभराने मशीन आलं. सोबत एक मेकॅनिक होता, बोटं काळी आणि बोलणं कमी. बाई स्टूल घेऊन त्याच्या शेजारीच बसल्या. तो कुठला भाग काढतो, कुठला बसवतो, यावरून त्यांची नजर हलेना.

"मावशी, यातलं काही माझ्या खिशात मावणार नाही," तो शेवटी वैतागून म्हणाला.

काम झाल्यावर त्याने एक कागद पुढे केला. "सामान पोचल्याची सही."

दीर पेन उघडून उभाच होता. बाईंनी त्याच्या हातून कागद काढून घेतला. 'यंत्र तपासून पाहिले, ते कराराप्रमाणे आहे, आमचे पूर्ण समाधान झाले आहे.' आणि त्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत: 'करार या सहीच्या दिवसापासून लागू होईल.'

"म्हणजे तुमची ती सही अजून अर्धीच आहे, भाऊजी," बाई म्हणाल्या. मग मेकॅनिककडे वळल्या. "आजवर किती कॉपी काढल्या, हे मशीन स्वतः सांगतं का?"

मेकॅनिकने एकदा दाराकडे पाहिलं. मग चार बटणं दाबली. एक कागद बाहेर आला, गरम गरम. त्यावर आकडा होता एक लाख शहाऐंशी हजार चारशे बारा.

दिराने पेनाचं टोपण बसवलं. बाईंच्या मनात मात्र वेगळाच किडा वळवळला. हा माणूस आपल्याला का मदत करतोय? यात त्याचा काय डाव असेल?

त्यांनी त्याच दुपारी विक्रेत्याच्या कंपनीला पत्र लिहिलं. तारीख, वेळ, मशीनचा क्रमांक आणि तो आकडा. पुढेमागे कोणी उलटू नये म्हणून हेही लिहिलं, की आकड्याचा कागद कंपनीच्याच मेकॅनिकने काढून दिला. त्याच्या ओळखपत्राचा क्रमांकसुद्धा त्यांनी टिपून ठेवला होता, तोही घातला.

तीन आठवडे फोन येत राहिले. आधी गोड, मग धमकीचे, मग पुन्हा गोड. "नुसती सही करा, पुढचं आम्ही बघतो." बाई दर वेळी एकच सांगायच्या, "समाधान झालेलं नाही." अखेर कंपनीने ते मशीन उचलून नेलं आणि खरोखर नवं आणलं. करारातले 'अथवा नव्याप्रमाणे' हे शब्द खोडून दोन्ही बाजूंनी सह्या झाल्या. तीस दिवसांची ती अट काही त्यांनी सोडली नाही. दिराने स्वतःच ती तारीख पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावली आणि ओशाळून म्हणाला, "वहिनी, चुकलंच माझं."

नवं मशीन बसवायला दुसराच मेकॅनिक आला होता. "आधीचे कुठे गेले?" बाईंनी सहज विचारलं.

"त्याला काढलं. कुठल्यातरी गिऱ्हाइकाच्या पत्रात नंबर आला म्हणे त्याचा."

बाईंनी पत्राची प्रत काढून नंबराची ओळ पुन्हा वाचली. त्या ओळीची काहीच गरज नव्हती. आकडा पुरेसा होता.

त्याचा पत्ता काढायला त्यांना बारा दिवस लागले. एका इमारतीच्या तळघरात तो प्रिंटर दुरुस्त करत बसला होता. बाईंना पाहून उठला नाही.

"माझ्यामुळे झालं हे," बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या. "तुमच्यावरही संशय होता माझा."

"तुम्ही खोटं काही लिहिलं नव्हतं," तो स्क्रू फिरवत म्हणाला. "पण माझा नंबर कशाला घातलात?"

"माझ्याकडून काही होण्यासारखं असेल तर सांगा."

त्याने हातातला प्रिंटर बाजूला सारला. मग त्याने खण उघडून चार पानांचा करार काढला. या गाळ्याच्या भाड्याचा. मालक सहीसाठी मागे लागला होता.

"घरी नेऊन नीट वाचते," बाईंनी हात पुढे केला.

त्याने कागद मागे घेतला. "नाही, न्यायचा नाही. इथेच बसून वाचा, माझ्यासमोर."

बाईंनी खोक्यावरची धूळ पदराने झटकली, बसल्या आणि पहिलं पान उजेडाकडे धरलं.