बाहेरचा बाक

आमच्या मामंजींची छत्री ऊन-पावसासाठी नव्हतीच. झांशीच्या रेल्वे क्वार्टरमधून चर्चला जायच्या वाटेवर एका सिनेमा थिएटरची लांबलचक भिंत होती आणि तिच्यावर बारा महिने पोस्टरं चिकटवलेली असायची. भिंत जवळ आली की मामंजी काखेतली काळी छत्री उघडत, भिंतीच्या बाजूला आडवी धरत आणि भिंत संपली की मिटवत. येताना तीच छत्री दुसऱ्या हातात. ऐन थंडीत, आभाळात ढगाचा ठिपका नसतानाही हा कार्यक्रम चुकत नसे. टांगेवाल्यांना तो पाठ झाला होता. एखादा हाक मारायचा, "प्राचीनजी, आज कौन सी लगी है?" मामंजी न थांबता सांगत, "छाते से पूछो, भैया. वही देखता है."

मी नगरकडची. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. घरात मामंजी, माझी धाकटी नणंद दीना आणि आमचे हे. हे रेल्वेत गार्ड, त्यामुळे घरात कमी आणि लाइनवर जास्त. मामंजींच्या आजोबांनी रेल्वेबरोबर भुसावळ सोडलं होतं. घरात मराठी टिकली होती, पण ती आजोबांच्या वेळची, हिंदीची ठिगळं लावून वापरलेली. चर्च मात्र सगळं हिंदी. तिथं मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांना 'प्राचीन' म्हणतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच रविवारी पाद्रीसाहेबांनी "ये हमारे प्राचीनजी की बहू" अशी माझी ओळख करून दिली आणि मला पदराआड हसू आवरेना. घरी आल्यावर मामंजी म्हणाले, "हसा, सूनबाई. जुना तर मी आहेच."

सारी नोकरी त्यांनी सिग्नलच्या केबिनमध्ये लिव्हर ओढण्यात घातली होती, आणि निवृत्त झाल्यावर तेच काम घरात चालू ठेवलं होतं. "ड्रायव्हरला घाई आहे म्हणून सिग्नल पडत नसतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दीनाने बिनबाह्यांचा ब्लाऊज शिवायला घेतला, लाल सिग्नल. शेजारच्या बाईने मला पत्ते खेळायला बोलावलं, लाल सिग्नल. रविवारी चूल फक्त चहापुरती; बाकी सगळं शनिवारी रांधून ठेवायचं. उन्हाळ्यात थिएटरच्या भोंग्यावरची गाणी वाऱ्याबरोबर क्वार्टरपर्यंत यायची, तेव्हा म्हणायचे, "सूनबाई, जरा खिडकी लावून घ्या." मग दोन खोल्यांत आम्ही तिघं, लावलेली खिडकी आणि बुंदेलखंडातला उन्हाळा. कधी कधी वाटायचं, ओरडावं. पण ओरडायलाही मोकळी जागा लागते.

रेडिओ होता, तो बातम्यांपुरता. मामंजी सब्जीमंडीत गेले की दीना दारात उभी राहायची आणि मी गाणी लावायची. ते कोपऱ्यावर दिसले की बंद. एकदा आत येऊन त्यांनी पिशवी ठेवली आणि जाता जाता रेडिओच्या पेटीवर हात ठेवला. त्या वेळचे रेडिओ तापायचे. "याला ताप आलाय, सूनबाई," ते म्हणाले, "जरा आराम पडू द्या." एवढंच. रागावले असते तर बरं, असं वाटायला लावणारा माणूस होता तो.

पण नुसतं एवढंच सांगितलं तर मी त्यांच्यावर अन्याय करीन. माझ्या वडिलांनी लग्नात काय काय द्यायचं ते विचारलं, तेव्हा मामंजी म्हणाले होते, "मुलगी देताय, त्यावर आणखी काय मागू?" मंडळीतल्या एका बड्या घराने मुलीवाल्यांकडे स्कूटर मागितली, तर हे त्यांच्या दारात जाऊन बसले आणि मागणी मागे घेईपर्यंत पाणीही प्यायले नाहीत. पगाराच्या दिवशी दारूच्या ठेक्यासमोर उभे राहायचे. ओळखीचा फिटर दिसला की त्याच्या सायकलचं हँडल धरून त्याला बोलत बोलत घरी पोचवायचे. त्या फिटरांच्या बायका मामंजींसाठी जीव टाकायच्या. दारू, हुंडा, सिनेमा, घटस्फोट हे सगळं त्यांच्या लेखी एकाच रुळावरून येणारं होतं, आणि एका गाडीला वाट दिली की मागच्या सगळ्या आत घुसणार, अशी त्यांची खात्री होती.

आता पुकारेचं सांगते. आमच्या चर्चमध्ये लग्न ठरलं की ओळीने तीन रविवार वधू-वरांची नावं मंडळीसमोर वाचतात, तिला पुकार म्हणतात. वाचून झाल्यावर पाद्रीसाहेब विचारतात, कुणाची हरकत असेल तर आत्ताच उभं राहून सांगा. सगळे खाली बघतात. कुणी उभं राहत नाही. माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी मात्र मामंजी उभे राहिले.

पुकार होती मिशन दवाखान्यातल्या सिस्टर सलोमीची. तिचा पहिला नवरा दुसऱ्या बाईबरोबर निघून गेला होता, कोर्टाने तिला मोकळं केलं होतं, आणि आता वर्कशॉपमधला एक भला माणूस तिच्याशी लग्न करायला तयार होता. मामंजी आपल्या जागेवर, खिडकीपाशी उभे राहून म्हणाले, "इनका पति जीवित है." आवाज चढलेला नव्हता. शास्त्र वेगळं राहायला परवानगी देतं, दुसऱ्या लग्नाला नाही, असं त्यांचं मत. मंडळीने ते मान्य केलं. त्या माणसाने थोडे दिवस वाट पाहिली, मग बदली घेऊन निघून गेला. सिस्टर त्या दिवशी चर्चच्या दारातून बाहेर पडली ती पुन्हा आत आली नाही. दवाखाना आणि नर्सांची राहायची जागा यांच्यामध्ये चर्चचं आवार पडतं, त्यामुळे दर रविवारी ड्युटी संपवून ती आमच्या खिडक्यांसमोरून जायची. पांढरी साडी, ताठ मान, नजर समोर. मामंजी आतून तिला बघायचे आणि पुन्हा गीतांच्या पुस्तकात मान घालायचे.

मग काही वर्षांनी आमची दीना परत आली. इटारसीला दिली होती. नवऱ्याने तिथंच दुसरं घर केलं होतं आणि दीनाला ते शेजारणीकडून कळलं. मामंजी स्वतः जाऊन तिला घेऊन आले. तिची ट्रंक डोक्यावर घेतली, हमाल केला नाही. कोर्टात तिच्याबरोबर गेले, तारखांना बसले, निकाल लागला तेव्हा घरी येऊन आमच्यासमोर रडले. पण मऊरानीपुरचे एक विधुर मास्तर दीनासाठी विचारायला आले, तेव्हा पाण्याचा पेला त्यांच्या हातात देऊन मामंजी उठून परसात गेले.

ते दिवस मला अजून आठवतात आणि अजून जीव घुसमटतो. दीना मशीनवर बसायची, शिवण संपलं तरी उठायची नाही. एकदा मला म्हणाली, "वहिनी, तिकडच्या घरात मी नाही, इकडच्या घरात मी पाहुणी. पप्पा माझ्यावर इतकी माया करतात की भांडता पण येत नाही. घुटन होते मला." पाद्रीसाहेब समजवायला आले. नवऱ्याचा व्यभिचार हे कारण शास्त्रातच दिलेलं आहे, ते तरी धरा, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. मामंजी खुर्चीच्या दांड्या धरून बसले होते. म्हणाले, "वो तो सिस्टर के टाइम भी लिखा था, पादरी साहब. तब मैंने नहीं माना. अब लड़की मेरी है तो मान लूँ?"

शेवटी दीनाच म्हणाली, "पप्पा, पुकार होऊ दे. तुम्हाला उभं राहावंसं वाटलं तर उभे राहा. मी तुम्हाला दोष देणार नाही." मास्तरांनाही तिने सांगून टाकलं होतं की वडिलांनी हरकत घेतली तर ती मंडळीच्या विरुद्ध जाणार नाही. म्हणजे सगळं येऊन थांबलं ते एका म्हाताऱ्याच्या उठण्या-बसण्यावर.

पहिल्या रविवारी गीत संपलं, पाद्रीसाहेबांनी पुकारेचा कागद उचलला, आणि मामंजी उठले. दीनाने माझं मनगट धरलं. पण त्यांनी छत्री घेतली, बाजूच्या दारातून बाहेर गेले आणि आवारातल्या कडुनिंबाखालच्या बाकावर जाऊन बसले. त्या बाकावर रडक्या पोरांना घेऊन आया बसायच्या, टांगेवाले टेकायचे. पुकार झाली. हरकत कुणी घेतली नाही. आत असते तर मामंजींना बोलावंच लागलं असतं, म्हणून ते आत राहिले नाहीत. दीना रडत रडत हसली. मलाही वाटलं, चला, म्हाताऱ्याने वाट काढली.

दुसऱ्या रविवारी माझा मुलगा रडायला लागला म्हणून मी त्याला घेऊन बाहेर आले. मामंजी बाकावर होते. आत पुकार चालू होती, खिडकीतून शब्द येत होते. तेवढ्यात सिस्टर सलोमी आवारातून निघाली. नेहमी सरळ जाणारी ती बाई त्या दिवशी थांबली, आतलं ऐकलं, मामंजींकडे बघितलं आणि जवळ आली.

"प्राचीनजी," तिने विचारलं, "मेरी पुकार के दिन ये बेंच यहाँ नहीं थी क्या?"

मामंजींनी छत्री मांडीवर आडवी घेतली. म्हणाले, "थी, सिस्टर."

ती निघून गेली. घरी येताना आम्ही सिनेमाच्या भिंतीपाशी आलो. भिंतीवर नवं पोस्टर होतं, हातभर मोठा नटीचा चेहरा. मामंजी मिटलेली छत्री काखेत धरून तिच्या समोरून चालत गेले. त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

तिसऱ्या रविवारी ते बाहेर गेले नाहीत. पुकारेचा कागद निघाला तरी आपल्या जागेवर बसून राहिले. दीनाचा चेहरा पांढरा पडला. मास्तर मऊरानीपुरहून आलेले होते, ते रुमालाने मान पुसत होते. नावं वाचली, हरकतीचं विचारलं, आणि मामंजी उभे राहिले. त्याच खिडकीपाशी.

"आपत्ति है," ते म्हणाले. "लड़की पर नहीं, मुझ पर. इसी जगह खड़े होकर मैंने सिस्टर सलोमी का ब्याह रुकवाया था. अपनी बेटी के लिए दो इतवार बाहर जा बैठा. वचन वही है, तौलने के बाट मेरे पास दो निकले. मेरा नाम प्राचीनों में से काट दीजिए." मग दीनाकडे बघून, "दीना की पुकार पे मुझे कुछ नहीं कहना." एवढं बोलून ते बाजूच्या दारातून बाहेर गेले आणि बाकावर बसले.

दीनाचं लग्न झालं. त्या दिवशीही मामंजी बाकावरच होते. ती दोघं आशीर्वादाला तिकडे गेली तेव्हा त्यांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मऊरानीपुरच्या गाडीत बसवायला स्टेशनवर आले. खिडकीच्या गजांतून दीना म्हणाली, "पप्पा, आता तरी आत जाऊन बसा." ते म्हणाले, "बघू." गाडी हलली. माझी नणंद सुटली, आणि मामंजी अडकले ते कायमचे.

त्यानंतर ते दर रविवारी आमच्याबरोबर चर्चला येत आणि बाकावर बसत. गीतं तिथूनच म्हणत. पाद्रीसाहेब प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेऊन बाहेर आले तर उभे राहून हात जोडत आणि "अभी नहीं" म्हणत. लोकांना वाटे, मुलीच्या लग्नाचा राग आहे. त्यांचं मत तर बदललं नव्हतंच. दुसरं लग्न शास्त्राला धरून नाही, हे ते मला शेवटपर्यंत सांगत, आणि त्याच दमात दीनाच्या पोरांसाठी पेढे आणायला पाठवत. मला त्यांचा राग यायचा. एवढं मायेचं माणूस आणि स्वतःला असं कोंडून घेतं, म्हणजे काय! पण त्यांच्याशी कोण भांडणार?

भांडली ती सिस्टर सलोमीच. आधी कित्येक महिने ती नुसती समोरून गेली. मग एका रविवारी म्हणाली, "सरकिए," आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. त्यांचा रक्तदाब बघायला लागली, औषधांवरून रागवायला लागली. आतून मला त्या दोघांच्या पाठी दिसत. एकदा माझ्या धाकट्या मुलीला घेऊन बाहेर आले तेव्हा ती म्हणत होती, "मुझे तो आपने निकाला था. आपको किसने निकाला? जाइए अंदर." मामंजी म्हणाले, "आप चलेंगी तो चलूँगा." ती म्हणाली, "मैं तो नहीं जाऊँगी." "तो बैठिए," मामंजी म्हणाले. हे बोलणं त्यांच्यात मग नेहमीचंच झालं. कुणीच उठलं नाही.

मामंजी गेले ते कडुनिंबाची पानं झडायच्या दिवसांत. त्यांची पेटी समोरच्या दाराने आत नेली. इतक्या वर्षांनी ते आत आले, ते दुसऱ्यांच्या खांद्यावरून. दीना आणि मास्तर पहिल्या रांगेत होते. ज्या फिटरांना त्यांनी सायकलचं हँडल धरून घरी पोचवलं होतं, त्यांचे मुलगे मागे उभे होते. पाद्रीसाहेबांनी प्रार्थना सुरू केली आणि सवयीने माझी नजर खिडकीबाहेर गेली. सिस्टर बाकावर होती. नेहमीच्या टोकाला, दुसऱ्या टोकाची जागा मोकळी ठेवून.

मी बाजूच्या दाराने बाहेर गेले. म्हटलं, "सिस्टर, आज तो चलिए."

तिने मान हलवली. "हर इतवार कहते थे, आप चलेंगी तो चलूँगा," ती म्हणाली. "देखो, चले गए अकेले."

मग माझा हात ओढून तिने मला शेजारी बसवलं, आणि आतलं सगळं संपेपर्यंत तो सोडला नाही.