वानखडे मॅडम आणि पोळ्याचा ट्रॅक्टर

९ फेब्रुवारी. बरेच महिने इथे काही लिहिलं नाही, माफ करा.

वानखडे मॅडम गेल्या.

मी अजून तलाठी आहे, तो त्यांच्यामुळे.

मोताळ्याकडे असताना चोरीच्या वाळूचा ट्रॅक्टर अडवला. ड्रायव्हरने तो माझ्या अंगावर घातला.

पायाचं हाड जुळलं. पण ट्रॅक्टरचा आवाज आला की घाम फुटायचा. अन् खेड्यात ट्रॅक्टर चुकवणार कसा?

राजीनामा द्यायचं ठरवलं होतं.

मॅडम बुलढाण्यात कौन्सेलिंग करायच्या. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "मी भित्रा झालो."

"भित्रे नाही झाले, भाऊ. तुमचा जीव अजून त्या रस्त्यावरच उभा हाये. त्याले घरी आणू."

आधी मोबाईलवर ट्रॅक्टरचा आवाज, अगदी हळू. मग खिडकीतून नुसतं पाहणं.

मग पोळ्याला त्यांनी मला उंद्रीला, माहेरी बोलावलं. भावाकडे आता बैल नाहीत. ट्रॅक्टरलाच झूल, बाशिंग, पुरणपोळीचा नैवेद्य.

"दुरूनच पाहा. घाई नाही."

मी लिंबाखाली उभा. तेवढ्यात भावाने ट्रॅक्टर चालू केला. वर हॉर्न!

मी पळालो. गोठ्यामागे ओकलो. पोरं हसली.

"काऊन बे? तुले कोनं सांगतलं होतं?" मॅडम भावावर ओरडल्या.

"मले वाटलं, साहेब आले, मान द्यावा!"

त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. पाणी दिलं.

"चूक माही हाये, भाऊ. त्याले आधी सांगून ठेवाले पाह्यजे होतं. आता थांबायचं का जायचं, तुमीच ठरवा."

मी थांबलो.

संध्याकाळी बंद ट्रॅक्टरच्या बॉनेटला कुंकू लावलं. अन् लगेच दोन पावलं मागे आलो.

दिवाळीनंतर ड्यूटीवर हजर झालो.

भीती गेली का? नाही, खोटं कशाला लिहू. मागून ट्रॅक्टर आला की अजून कडेला थांबतो.

पण थांबतो. पळत नाही.

ऑफिसात घुसून मारहाण झालेल्या एका ग्रामसेवकाला मीच मॅडमकडे जायला तयार केलं होतं. नाव-गाव लिहीत नाही. उद्या त्याची त्यांच्याकडे पहिली भेट होती.

आज त्याचा फोन आला. "मॅडम तर गेल्या. जाऊ द्या आता."

मी कौन्सेलर नाही. काही भलतंच बोललो तर? दुपारभर हाच विचार.

मॅडम, तुमच्यासारखं मला जमणार नाही. नमस्कार घ्या. शांत झोपा.

उद्या: त्याच्या घरी जाऊन बसायचं.